वर्गणीवर उभं राहिलेलं शहर

आनंदीबाई जोशींचा तो फोटो बहुतेकांनी पाहिलेला असतो. १० ऑक्टोबर १८८५. तीन तरुणी, तिघींचे तीन वेष. डावीकडे नऊवारी लुगड्यातल्या आनंदीबाई, मध्ये किमोनो घातलेली जपानची केई ओकामी आणि उजवीकडे तेव्हाच्या ऑटोमन सीरियातली साबात इस्लांबुली. तिघीही फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजच्या विद्यार्थिनी. दरवर्षी ८ मार्चला हा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो, आपण हात जोडतो आणि पुढे सरकतो.

मला मात्र त्या फोटोतल्या माणसांइतकंच त्यामागच्या गावाचं कुतूहल आहे. कल्याणात जन्मलेली मुलगी, जपानी मुलगी आणि सीरियातली मुलगी एकाच वर्गात येऊन बसतात ते फिलाडेल्फियातच का? ‘अमेरिका पुढारलेली होती म्हणून’ हे उत्तर चालणार नाही. हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यालयानं मुलींना दार उघडलं १९४५ साली. अमेरिकेतलं सगळ्यात जुनं वैद्यकीय विद्यालय तर फिलाडेल्फियातच होतं, १७६५ पासून. तिथे मुलींना प्रवेश मिळायला १९१४ उजाडलं. आनंदीबाई शिकत होत्या तेव्हा त्याच शहरातल्या त्या नामांकित विद्यालयात त्यांना कुणी घेतलं नसतं.

याचं उत्तर मला एका मराठी शब्दात सापडतं. वर्गणी. फिलाडेल्फियाशी जोडलेली मोठी नावं एकेक करून पाहिली तर जवळजवळ प्रत्येकाच्या मागे कुठली तरी वर्गणीची यादी निघते. कुणी ती यादी केलेली असते, कुणी त्या यादीमुळे तरलेलं असतं, आणि कित्येकांना यादीत जागा नाकारली म्हणून त्यांनी आपली वेगळी यादी केलेली असते. या तिसऱ्या प्रकारच्या माणसांबद्दल मला जास्त सांगायचंय. पण सुरुवात पहिल्यांपासून.

गाव वसवलं विल्यम पेननं. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्याकडे पेनच्या नौसेनापती वडिलांचे १६ हजार पौंड येणं होते. राजाकडे रोकड नव्हती, पण अमेरिकेत जमीन होती. निदान तो तशी समजूत करून बसला होता. तिथे राहणाऱ्या लेनापे लोकांना कुणी विचारलं नव्हतं. १६८१ मध्ये कर्जाच्या बदल्यात पेनला एक अख्खा प्रांत मिळाला आणि पुढच्याच वर्षी शहराची आखणी झाली. बुद्धिबळाच्या पटासारखे सरळ रस्ते, मोकळी मैदानं, रस्त्यांना चेस्टनट, वॉलनट, पाइन अशी झाडांची नावं. शहराचं नाव ग्रीक, अर्थ ‘बंधुप्रेम’.

पेन क्वेकर होता, आणि ही गोष्ट पुढच्या साऱ्या कहाणीत कामाला येते. क्वेकर म्हणजे ख्रिस्ती धर्मातला एक पंथ. त्यांच्यात पुरोहित नाही, वेदी नाही. लोक एका साध्या खोलीत गप्प बसतात. ज्याला आतून काही सांगावंसं वाटेल तो उठून बोलतो, आणि बाईला वाटलं तर बाई बोलते. राजासमोर टोपी काढायची नाही, कोर्टात शपथ घ्यायची नाही, युद्धाला जायचं नाही. आपल्याकडच्या वारकऱ्यांची आठवण येईल कुणाला, पण हे लोक गात नाहीत; एकदम शांत. ‘प्रत्येकाच्या आत देवाचा उजेड आहे’ असं मानणाऱ्यांच्या गावात दुसऱ्या पंथाच्या माणसांना थारा मिळाला. जर्मन आले, स्कॉटिश-आयरिश आले, ज्यू आले. उजेडाचं तत्त्वज्ञान सांगणाऱ्या पेननं स्वतः गुलाम बाळगले होते, हेही इथेच सांगून ठेवतो. या शहराच्या इतिहासात असा खडा वारंवार दाताखाली येतो.

इतक्या जातीपंथांची माणसं एकत्र आली, पण सगळ्यांचं मिळून एक चर्च नाही, कामं करून देणारा सरदार नाही, सरकार किरकोळ. मग आग लागली तर कोण विझवणार? आजारी माणसाला कुठे न्यायचं?

१७२३ मध्ये बॉस्टनहून पळून आलेला सतरा वर्षांचा एक पोरगा या गावात उतरला. प्रवासानं मळलेला, खिशात जेमतेम पैसे. बेकरीत तीन पेन्सला त्याला तीन मोठे पाव मिळाले. दोन दोन्ही काखेत मारून तिसरा खात तो मार्केट स्ट्रीटवरून चालत निघाला. दारात उभी असलेली एक मुलगी त्याचा अवतार पाहत होती. पुढे तीच त्याची बायको झाली. पोरगा म्हणजे बेंजामिन फ्रँकलिन. वीज, पतंग, स्वातंत्र्याचा जाहीरनामा हे सगळं आपण शाळेत शिकतो. त्याची खरी करामत मला मात्र वेगळीच वाटते. वर्गणी कशी काढायची, याचं त्यानं शास्त्र केलं.

१७२७ मध्ये त्यानं बारा जणांचा एक गट जमवला. कुणी छापखान्यात, कुणी सुतारकामात, कुणी कारकून. दर शुक्रवारी संध्याकाळी भेटायचं, चर्चा करायची. चर्चेत पुस्तकं लागायची आणि ती तर महाग, सगळी लंडनहून येणार. म्हणून १७३१ मध्ये लायब्ररी कंपनी निघाली. पन्नास सभासद, सुरुवातीला ४० शिलिंग, नंतर दरसाल १० शिलिंग. एकट्याला जे पुस्तक आयुष्यात परवडलं नसतं ते पन्नास जणांना मिळून परवडतं, एवढंच त्यामागचं गणित. ही लायब्ररी आजही चालू आहे.

वर्गणी मागताना फ्रँकलिनला एक धडा मिळाला आणि त्यानं तो आत्मचरित्रात लिहून ठेवला. ‘ही माझी कल्पना’ असं म्हटलं की लोकांच्या कपाळाला आठी पडते. म्हणून त्यानं स्वतःला मागे ठेवलं आणि ‘काही मित्रांनी ठरवलंय’ असं सांगायला सुरुवात केली. पुढे चर्च बांधायला निघालेल्या एका धर्मोपदेशकालाही त्यानं सल्ला दिला: आधी जे नक्की देणार त्यांच्याकडे जा. मग जे देतील की नाही याची शंका आहे त्यांना पहिल्यांची यादी दाखव. आणि जे देणारच नाहीत असं वाटतं त्यांनाही वगळू नकोस, तुझा अंदाज चुकलेला असू शकतो. गणेशोत्सव मंडळाचं पावतीपुस्तक घेऊन कधी फिरलेल्या माणसाला यात नवीन काही वाटणार नाही. फरक एवढाच की फ्रँकलिननं हे अठराव्या शतकात लिहून ठेवलं.

१७३६ मध्ये आग विझवणारी मंडळी उभी राहिली, युनियन फायर कंपनी. प्रत्येक सभासदानं चामड्याच्या बादल्या आणि आगीतून सामान बाहेर काढायला पिशव्या घरी तयार ठेवायच्या. सभेला दांडी मारली तर दंड, आणि त्या दंडातून शिड्या, आकडे, बंब घ्यायचे. तीस जण झाले की यादी बंद. उरलेल्यांना सांगायचं, तुम्ही तुमची वेगळी कंपनी काढा. लोक काढत गेले. १७५२ मध्ये त्यातूनच घरांचा आगीचा विमा आला. (या विमा कंपनीनं पुढे दारात झाड असलेल्या घरांचा विमा नाकारला, झाडामुळे बंबाचं पाणी पोचत नाही म्हणून. झाडावर जीव असलेल्या मंडळींनी १७८४ मध्ये आपली वेगळी कंपनी काढली, चिन्ह हिरवं झाड! नाकारलेल्यांनी आपली यादी करायची, हा या गावाचा स्वभावच.)

पण खरी गंमत दवाखान्याची. डॉ. थॉमस बाँडला गरिबांसाठी रुग्णालय काढायचं होतं. वर्गणी पुरेना. फ्रँकलिन प्रांताच्या विधिमंडळाकडे गेला. ग्रामीण भागातले सभासद म्हणाले, शहराच्या दवाखान्याला आम्ही का पैसे द्यायचे? मग त्यानं ठराव असा मांडला: लोकांनी आधी २ हजार पौंड जमवले, तरच सरकारनं आणखी २ हजार द्यावेत. विरोधकांना वाटलं, एवढे जमणार नाहीत. म्हणजे एक पैसा न देता दानशूर म्हणून मिरवता येईल. त्यांनी ठरावाच्या बाजूनं मत दिलं. मग फ्रँकलिन लोकांकडे गेला आणि म्हणाला, आता तुमचा प्रत्येक पौंड दोन पौंडांचं काम करणार आहे. पैसे जमले. १७५१ मध्ये पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलला सनद मिळाली. आज ‘तुम्ही जेवढे द्याल तेवढे आम्ही घालू’ असं सांगून निधी जमवतात, ती हीच युक्ती. राजकारणात केलेल्या इतर कुठल्याही डावपेचापेक्षा या डावात आपल्याला जास्त आनंद झाला, असं फ्रँकलिननं म्हातारपणी कबूल केलंय.

मेल्यावरही त्याची ही खोड गेली नाही. १७९० मध्ये तो वारला. मृत्युपत्रात बॉस्टन आणि फिलाडेल्फियाला हजार-हजार पौंड ठेवले, अट अशी की तरुण कारागिरांना धंदा सुरू करायला पाच टक्के व्याजानं कर्ज द्यायचं आणि दोनशे वर्षं ही रक्कम फिरती ठेवायची. १९९० मध्ये मुदत संपली तेव्हा फिलाडेल्फियाच्या वाट्याचे सुमारे २० लाख डॉलर झाले होते. बॉस्टनचे त्याच्या दुपटीहून जास्त.

आता यादीबाहेरची माणसं.

रिचर्ड अ‍ॅलन १७६० मध्ये गुलाम म्हणून जन्मला. मालकाला पैसे चुकते करून त्यानं स्वतःचं स्वातंत्र्य विकत घेतलं. फिलाडेल्फियात तो आणि अ‍ॅब्सलम जोन्स सेंट जॉर्ज चर्चमध्ये जात. एक दिवस प्रार्थनेला गुडघ्यावर बसलेल्या जोन्सला चर्चच्या माणसांनी ओढून उठवायला सुरुवात केली, काळ्यांनी इथे बसायचं नाही म्हणून. प्रार्थना संपेपर्यंत तरी थांबा, असं तो म्हणत होता. प्रार्थना संपली आणि सगळे काळे लोक उठून एकत्र बाहेर पडले.

या दोघांनी १७८७ च्या एप्रिलमध्ये फ्री आफ्रिकन सोसायटी स्थापली. त्याच वर्षी, त्याच शहरात, थोड्या अंतरावर देशाची राज्यघटना लिहिली गेली. तिच्यात काळ्या गुलामाची मोजणी पाच माणसांमागे तीन अशी धरली होती. सोसायटीचे नियम मात्र वाचण्यासारखे आहेत. प्रत्येकानं महिन्याला एक शिलिंग चांदीचं नाणं द्यायचं. वर्षभर वर्गणी भरली की अडचणीत आलेल्या सभासदाला आठवड्याला तीन शिलिंग नऊ पेन्स मिळणार. अट एकच: अडचण स्वतःच्या बेफिकिरीनं ओढवलेली नसावी. सभासद मेला तर विधवेला मदत, पोरांच्या शिक्षणाची काळजी. बँक नाही, विमा नाही, कोर्टात धड सुनावणी नाही, अशा माणसांनी महिन्याच्या एका शिलिंगवर केलेली ही तजवीज. आपल्याकडच्या गिरणी कामगारांच्या गावकी मंडळांची पद्धत ज्याला ठाऊक आहे त्याला हे लगेच उमगेल.

१७९३ मध्ये शहरात पिवळा ताप आला. पन्नास हजार वस्तीतले सुमारे पाच हजार गेले, दहातला एक. ज्यांना शक्य होतं ते पळाले, सरकारसुद्धा पांगलं. (फिलाडेल्फिया तेव्हा देशाची राजधानी होती.) हा ताप डासामुळे पसरतो हे कळायला अजून शतक लागणार होतं. शहरातला सर्वांत नावाजलेला डॉक्टर बेंजामिन रश रोग्यांचं भसाभस रक्त काढत होता. काळ्या लोकांना हा ताप होत नाही अशी त्याची समजूत होती, म्हणून त्यानं अ‍ॅलन-जोन्सना शुश्रूषेसाठी माणसं द्यायची गळ घातली. समजूत साफ चुकीची होती. काळे लोकही मेले. तरी सोसायटीच्या माणसांनी रोगी सांभाळले, प्रेतं उचलली.

साथ ओसरल्यावर मॅथ्यू केरी या प्रकाशकानं पुस्तिका काढली आणि काही काळ्या परिचारिकांनी रोग्यांना लुबाडलं, घरं लुटली, असा आरोप केला. स्वतः केरी साथीत शहर सोडून गेला होता. अ‍ॅलन आणि जोन्सनी १७९४ मध्ये उत्तर छापलं, आणि त्यात हिशेबच मांडला. शवपेट्या ३३ पौंड. पाच माणसांची मजुरी ३७८ पौंड. एकूण खर्च ४११ पौंड. मिळाले २३३ पौंड १० शिलिंग ४ पेन्स. पदरचे गेले १७७ पौंड ९ शिलिंग ८ पेन्स. वर्षानुवर्षं शिलिंग-शिलिंगाचा जमाखर्च ठेवणाऱ्या माणसांना पेन्सापर्यंतचा आकडा देता आला.

त्याच वर्षी सहाव्या आणि लोंबार्ड रस्त्याच्या कोपऱ्यावर अ‍ॅलननं आपलं चर्च उघडलं. इमारत म्हणजे दुसरीकडून ओढून आणलेलं लोहाराचं दुकान. ती जागा आजही त्याच मंडळींची आहे. मे १७९६ मध्ये राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनच्या फिलाडेल्फियातल्या घरातून ओना जज ही गुलाम मुलगी निसटली. घरातली मंडळी जेवत होती आणि ही दारातून बाहेर. आपलं सामान तिनं आधीच शहरातल्या काळ्या मित्रांकडे पोचवून ठेवलं होतं. वॉशिंग्टननं माणसं पाठवली, जाहिराती छापल्या गेल्या. ती कधीच परत गेली नाही. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यानं गुलाम सहा महिने सलग तिथे राहिला तर सुटण्याचा हक्क सांगू शकत होता, म्हणून मुदत भरायच्या आत वॉशिंग्टन आपल्या गुलामांना राज्याबाहेर एक फेरी मारून आणत असे. शंभराहून जास्त वर्षांनी याच शहराच्या दक्षिण भागात गायिका मरियन अँडरसन जन्मली. संगीत विद्यालयानं रंग पाहून तिला दारातून परतवलं, तेव्हा चर्चच्या लोकांनी पैसे गोळा करून तिला शिक्षक लावून दिला. १९३९ मध्ये वॉशिंग्टन शहरातल्या लिंकन स्मारकापुढे तिचं गाणं ७५ हजार लोकांनी ऐकलं.

पण वर्गणीनं सगळं सुटतं असं नाही. गुलामगिरीविरुद्ध बोलायला शहरात कुणी सभागृह देईना, म्हणून गुलामगिरीच्या विरोधकांनी २० डॉलरचा एक असे भाग विकून ४० हजार डॉलर उभे केले आणि पेनसिल्व्हेनिया हॉल बांधला. ल्युक्रेशिया मॉट ही क्वेकर बाई त्यात पुढे होती. १४ मे १८३८ ला उद्घाटन झालं. आत काळ्या-गोऱ्या बायका एकत्र बसलेल्या, बाहेर जमाव दगड मारतोय. बायका एकमेकींच्या हातात हात घालून गर्दीतून बाहेर पडल्या. १७ मेला जमावानं हॉल पेटवला. अग्निशामक कंपन्या आल्या, फ्रँकलिननं ज्यांचा पाया घातला त्याच परंपरेतल्या. त्यांनी शेजारच्या इमारतींवर पाणी मारलं आणि हॉल जळू दिला. उभा राहून तीन दिवस झाले होते. स्वयंसेवी संस्था गावातल्या माणसांसारखीच असते, हे इतकं उघड क्वचितच दिसतं.

गुलामगिरीविरोधी संस्थेच्या कचेरीत विल्यम स्टिल नावाचा कारकून होता. दक्षिणेतून पळून आलेल्यांना लपवायचं, पुढे पाठवायचं हे काम. १८५० मध्ये एक प्रौढ माणूस आपल्या हरवलेल्या कुटुंबाचा शोध घेत आला. आईबापांची नावं सांगू लागला आणि स्टिलच्या लक्षात आलं, समोर बसलाय तो आपला सख्खा भाऊ. लहानपणी मागे राहिलेला, कधीच न पाहिलेला. त्यानंतर येणाऱ्या प्रत्येकाची माहिती तो नेटानं लिहून ठेवू लागला: नाव, मालक, मागे कोण राहिलं. पकडलं गेलं असतं तर ती वही पुरावा ठरली असती. ती त्यानं लपवून जपली आणि १८७२ मध्ये छापली. त्याची मुलगी कॅरोलाइन १८७८ मध्ये डॉक्टर झाली. विमेन्स मेडिकल कॉलेजमधून.

म्हणजे आपण आनंदीबाईंच्या कॉलेजच्या दारात येऊन पोचलो. १८५० मध्ये काही क्वेकर मंडळींनी आणि डॉक्टरांनी ते काढलं, कारण बायकांना कुठलंच कॉलेज घेत नव्हतं. पहिल्या आठ जणींना पदव्या दिल्या तेव्हा पुरुष विद्यार्थी दंगा करतील म्हणून पोलीस ठेवावे लागले. १८६९ मध्ये या मुली प्रत्यक्ष रोगी पाहायला पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलमध्ये गेल्या. फ्रँकलिननं युक्तीनं उभं केलेलं तेच रुग्णालय. तिथल्या मुलांनी त्यांच्यावर कागदाचे बोळे फेकले, तंबाखूच्या पिंका टाकल्या, शिट्ट्या मारल्या. मुली बसून राहिल्या. कॉलेजची डीन अ‍ॅन प्रेस्टन हिनं वर्तमानपत्रात सडेतोड उत्तर दिलं आणि शहराचं बरंचसं मत मुलींच्या बाजूनं वळलं.

आनंदीबाई इथे आल्या १८८३ मध्ये. त्यांची वाटही अशीच चिल्लर मदतीतून निघाली होती. त्यांचे पती गोपाळराव यांचं पत्र अमेरिकेतल्या एका मिशनरी मासिकात छापलं गेलं होतं. न्यू जर्सीतल्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी ते दाताच्या डॉक्टरकडे आपला नंबर यायची वाट बघताना वाचलं. ओळख ना पाळख, त्यांनी पत्र लिहिलं. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. बंगालमधल्या श्रीरामपूरला आनंदीबाईंनी केलेल्या भाषणानंतर आपल्याकडेही थोडे पैसे जमले, व्हाइसरॉयनं २०० रुपये दिले. कॉलेजनं तीन वर्षांसाठी ६०० डॉलरची शिष्यवृत्ती दिली. डीन रेचेल बॉडली स्वतः रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी या अठरा वर्षांच्या मुलीला आधी आपल्याच घरी ठेवून घेतलं. त्यानंतरची खोली थंड, शेगडी पेटवली की धूर. लुगडं सोडायचं नाही, धर्म सोडायचा नाही. अभ्यास झाला, प्रकृती गेली.

११ मार्च १८८६ ला पदवी मिळाली. प्रबंध हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर होता. समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री-विभागात नेमणूकही ठरली होती, पण आनंदीबाई परतल्या त्या क्षय घेऊनच. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या. अजून बावीसही पुरी नव्हती. त्यांच्या अस्थी कार्पेंटरमावशींकडे गेल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पॉकिप्सीच्या दफनभूमीत त्या कुटुंबाच्या जागेत ठेवल्या गेल्या.

रमाबाई मात्र अमेरिकेत राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजी पुस्तक लिहिलं, ते १८८७ मध्ये फिलाडेल्फियात छापलं गेलं. प्रस्तावना डीन बॉडलींची. तिथल्या लोकांची, त्यातही बायकांची, उठसूट संस्था काढायची सवय रमाबाईंनी बारकाईनं पाहिली आणि मराठीत अमेरिकेवर पुस्तक लिहिताना तिच्याबद्दल भरभरून लिहिलं. नुसतं लिहिलंच नाही. बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन निघाली आणि गावोगावच्या मंडळांनी दहा वर्षं दरसाल ठरावीक रक्कम द्यायचं कबूल केलं.

त्या पैशावर मुंबईत शारदा सदन उघडलं. तारीख ११ मार्च १८८९, आनंदीबाईंच्या पदवीला बरोबर तीन वर्षं. पहिल्या दिवशी मुली होत्या दोनच. त्यातली एक कोकणातली बालविधवा, गोदूबाई नातू. पुढे तिनं धोंडो केशव कर्व्यांशी लग्न केलं, लोक तिला बाया कर्वे म्हणू लागले, आणि विधवांच्या आश्रमासाठी वर्गणी मागायला ती स्वतः बाहेर पडली.